चौदा फेरे

लोंढा, १२ मे २०२४

मामा,

पत्र लिहायची सवय न्हाय. शाळेत 'मामास पत्र लिहा' असा पाच मार्काचा प्रश्न यायचा तवा मी तुलाच लिहायचो, आणि त्यात कायम 'मी सुट्टीला येत आहे' असंच असायचं. आई गेल्यापासनं मी तर तुमच्याच घरात होतो. गुरुजींनी कधी विचारलं न्हाय, एकाच घरातनं कुठं येणार म्हणून.

तुझा पत्ता मामीनं फोनवर सांगितला. मध्यवर्ती कारागृह, हिंडलगा, बेळगाव. सांगताना ती दोनदा थांबली. मग माझं सिमच बंद पडलं.

मी लोंढ्याला हाय. स्टेशनाबाहेर एका कॅन्टीनमध्ये पुऱ्या तळतो. इथं एक कुत्रं हाय मामा, ते फक्त गोव्याच्या गाडीवर भुंकतं. बेळगावची गाडी आली की शेपूट हलवतं. मी आठ दिवस बघितलं, एकदा पण चुकलं न्हाय. मालक म्हणतो, त्याचं लगीन तिकडंच मोडलंय.

काय लिहायला बसलतो आणि काय लिहितोय.

मामा, मला अजून पटत न्हाय. आपल्या म्हशीनं शिंग मारलं तरी तू तिला 'बाई गं, हळू' म्हणायचास. आणि मारुतीराव मेंबरच्या डोक्यात व्हॉल्वची लांब लोखंडी चावी घातलीस म्हणतात. त्या चावीनं तू अकरा वर्षं गावाला पाणी सोडलंस. मामीला विचारलं तर 'पाण्यावरनं झालं' एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी सकाळीच ट्रकातनं गोव्याकडं गेलतो, मला कायच ठाऊक न्हाय. तिसऱ्या दिवशी फोंड्यात कळलं.

काय लागलं तर कळव. पुऱ्या पाठवता येत न्हाईत.

तुझा,
आदर्श


हिंडलगा, ९ जून २०२४

चिरंजीव आदर्श,

तुझं पत्र मिळालं, पण उशिरा. इथं पत्रं आधी उघडून वाचतात. कानडी पत्रं लगेच हातात येतात. मराठी वाचणारे साहेब एकच हाईत, ते रजेवर होते. तवा लिहिताना ध्यानात ठेव, माझ्या आधी एक माणूस वाचतो. पाण्याचा विषय लांबवू नको.

तू विचारलंस म्हणून एकदाच सांगतो.

त्या दिवशी दिवस उगवायला मारुतीरावाची आई नागुबाई वारली. म्हातारी चांगली होती. अकराला वरच्या गल्लीचं पाणी सोडायची वेळ. बायका बोलवायला आल्या, नळाला थेंब न्हाय. मी गेलो तर टाकी कोरडी. करंट सकाळपासनं नव्हता, मोटर चालणार कशी. मयताला आंघोळ घालायला पाणी न्हाय. तुझी मामी शिवेवरच्या विहिरीवर गेली. एप्रिलचं ऊन. डोक्यावर घागर घेऊन आली आणि मारुतीरावाच्या पायरीवर ठेवली.

तो बाहेर आला. म्हणाला, "आधी टाकी कोरडी करायची आणि मग घागरभर दान करायचं व्हय रं परशा?" आणि लाथ घातली. घागर तिन्ही पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेली. तुझी मामी खाली बसली आणि वाहतं पाणी पदरानं अडवायला लागली. मला तेवढंच दिसलं. चावी हातात होती.

मार्चात गावसभेत त्यानं मला पाणीचोर म्हटलं होतं. तवा सगळ्यांदेखत माझ्या तोंडातनं गेलं, "एक दिवस पाणीच बंद करतो, मग कळंल." पोलिसांनी ते धरलंय. मी ठरवून टाकी रिकामी केली, ठरवून चावी घेऊन गेलो, असं कागदावर हाय. मी सांगितलं, अंगात ताप होता, व्हॉल्व बंद करायला विसरलो. ते म्हणतात, अकरा वर्षांत एकदा न विसरलेला माणूस बरोबर त्याच दिवशी कसा विसरला? वकील म्हणतो, ठरवून केलं असं धरलं तर दहा वर्षं. रागाच्या भरात धरलं तर निम्मी.

कढईजवळ पायात चप्पल घालत जा. नोव्हेंबरात तुझी मिलिटरीची भरती हाय, वयाच्या हिशेबानं ही शेवटची. भाजल्या पायानं धावता यायचं न्हाय.

परशराम


निपाणी, २१ जुलै २०२४

मामा,

लोंढा सोडलं. भांडण न्हाय, कंटाळा आला. एक ट्रकवाला म्हणाला निपाणीला तंबाखूच्या वखारीत माणसं पाहिजेत, बसलो. तू म्हणायचास तसं, माझ्या पायाला ट्रकाचा वास येतो.

इथं पहिले चार दिवस शिंकून शिंकून बरगड्या दुखल्या. पाचव्या दिवशी वास यायचाच थांबला, जेवणाचा पण. राजमती काकू म्हणून एक जैन म्हातारी हाईत, त्यांच्या परड्यातल्या खोलीत राहतो. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण. मी वखारीतनं येतो तवा चूल विझलेली. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आदर्शा, सूर्याला थांब म्हणून सांगितलं असतं रं, पण तो तुझ्यासारखाच, कुणाचं ऐकत न्हाय." आता माझं ताट झाकून ठेवतात, आणि मी जेवताना त्या दाराकडं पाठ करून बसतात. बघितलं न्हाय म्हणजे झालं न्हाय.

घरात कानडी बोलतात, माझ्याशी मराठी, मांजराशी दोन्ही. मांजराला कानडी जास्त कळतं.

तुझ्या पत्रातली घागर डोक्यातनं जात न्हाय. वखारीत पोत्यावर बसलो तरी मामी पदर घेऊन खाली बसलेली दिसते. आणि ते विसरायचं. मला पण पटत न्हाय ते. म्हंजे ताप होता तुला, विसरला असशील. तापात होतं असं.

तू मला व्हॉल्व शिकवलास तो दिवस आठवतोय? मी सातवीत होतो. चावी माझ्यापेक्षा उंच. तू म्हणालास, उघडायला चौदा फेरे, बंद करायला चौदा, मोठ्यांदा मोज, मधी कुणी हाक मारली तर ओ देऊ नको. मी अकरा-बारापर्यंत मोजायचो, मग हात भरून यायचे आणि पुढचं तू फिरवायचास. नंतर मोठा झालो तरी तसंच चाललं, मी बारा आणि तू दोन.

पाण्याचा विषय काढू नको म्हणालतास. काढला.

सकाळी मैदानावर धावतोय. सोळाशे मीटरला अजून वीस सेकंद जास्त लागतात.

आदर्श


हिंडलगा, १ सप्टेंबर २०२४

आदर्श,

मारुतीराव दवाखान्यातनं घरी आलाय. डोक्याची जखम भरली. उजवा हात उचलत न्हाय, आणि उचलणार पण न्हाय म्हणतात. वकील हे सांगताना बरी बातमी असल्यागत सांगत होता, जगला म्हणून. माझ्या लेखी पण ती बरीच हाय. पण मग मी त्या हाताचा विचार करतो.

पाणी आता भरमू सोडतो. फेरे मोजत न्हाय, बघतो आणि अंदाजानं फिरवतो. रोज भांडणं. तुझी मामी नळावर गेली की बायका आपली भांडी बाजूला ओढून घेतात. म्हणून ती आता विहिरीवरनंच आणते. दर सोमवारी मला भेटायला येते, दोन बस बदलून. वीस मिनिटं मिळतात. त्यात पाचएक मिनिटं आम्ही नुसतंच एकमेकांकडं बघतो. दमलेली असते. मी पण दमतो, इथं काय काम नसताना. झोपून उठलं तरी दमलेलाच उठतो.

कोर्टात साक्षी अठरा नोव्हेंबरला. तुझी भरती त्याच आठवड्यात. तू इकडं यायचं न्हाय. तुझं नाव कुठल्या कागदावर येता कामा नये, एवढंच मला आणि तुझ्या मामीला वाटतं. केसमध्ये नाव आलेल्या पोराला भरतीत घेत न्हाईत. धाव. वीस सेकंद काढ.

परशराम


निपाणी, २६ ऑक्टोबर २०२४

मामा,

तीन महिने लिहिलं न्हाय. चारदा बसलो, चारदा मांजरावरच लिहून फाडलं.

आज सांगतो. आधी काकूंचं सांगू दे, त्याशिवाय मला पुढं जाता येत न्हाय.

काकू पाणी गाळून पितात. शुभ्र कापड, दुहेरी. परड्यातल्या आडातनं पोहरा काढायचा आणि कापडातनं हंड्यात ओतायचा. मग ते कापड उलटं धरून वरनं गाळलेलंच थोडं पाणी घालायचं, म्हंजे त्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव वाटीत येतात. ती वाटीभर पाण्यातली जिवाणी परत त्याच आडात सोडायची. नुसती वरनं फेकायची न्हाय, दोरीला बांधून खाली पाण्याला टेकवून सोडायची. परवा त्यांचा गुडघा धरला म्हणून मला म्हणाल्या, "आज तू कर." मी पाणी गाळलं, वाटी घेतली. तेवढ्यात गल्लीत बँड आला, कुणाचातरी सत्कार. मी वाटी कट्ट्यावर ठेवून बघायला पळालो. परत आलो तर वाटी उन्हात वाळलेली.

काकू ओरडल्या न्हाईत. म्हणाल्या, "जिथलं हाय तिथं पोचवून मग जायचं असतं बाळा. मधी ठेवून गेलास की ते तुझ्यावर राहिलं." आणि लंगडत आत गेल्या. मी तिथंच बसलो मामा. वाटीत कायच दिसत न्हवतं. आधी पण कायच दिसत न्हवतं.

तर आता.

त्या दिवशी तुला ताप होता. मामीनं मला उठवलं, म्हणाली, "आदर्शा, खालच्या गल्लीचं पाणी सोडून ये, तासाभरानं बंद कर, मामाला पडू दे." मी गेलो. सोडलं. तास बसलो. मग बंद करायला लागलो. मोजत होतो, मोठ्यांदा. सहा झाले. तेवढ्यात जांबोटीकडं जाणारा ट्रक थांबला, ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, "गोवा. येतोस?" मी चावी काढली, व्हॉल्वच्या झाकणापाशी ठेवली आणि चढलो. चौदा झाले असं मी मलाच सांगितलं. खरं म्हंजे सांगितलं पण न्हाय. विसरलो. चोर्ल्याचा घाट लागला तवा आठवलं आणि वाटलं, मामा बघंल.

खालच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला तोटी न्हाय. सगळी टाकी तिथनं ओढ्याला गेली असणार. तू पाणी बंद केलं न्हाईस. तू विसरला पण न्हाईस. मी सहा फेऱ्यांवर सोडून गेलो.

फोंड्यात कळलं तवाच मला कळलं होतं. पहिल्या पत्रात 'कायच ठाऊक न्हाय' लिहिलं ते खोटं.

तू म्हणालतास, माझ्या आधी एक माणूस वाचतो. वाचू दे. मराठी वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार. साहेब, हे सगळं खरं हाय, आणि मी अठराला कोर्टात येतोय. माझं नाव आदर्श, पाकिटावर पत्ता दिलाय. मामा न्हाय म्हणंल, त्याचं ऐकू नका.

आदर्श


हिंडलगा, १० नोव्हेंबर २०२४

आदर्श,

गाढवा.

सात महिने मी आणि तुझ्या मामीनं जे झाकलं ते तू टपालानं पाठवलंस. तेही साध्या टपालानं.

मला त्याच दिवशी कळलं होतं. टाकी कोरडी बघून मी व्हॉल्वकडं गेलो, झाकणापाशी चावी मिळाली, फिरवली. आठ फेऱ्यांत बसला. आठ आणि सहा चौदा. तिथंच उभा राहून मी ठरवलं, विचारलं तर विसरलो म्हणायचं. तीच चावी हातात घेऊन मयताच्या घराकडं गेलो. वरच्या गल्लीतनं जाताना सगळे बोलत होते, मी ऐकत होतो. परशानं पाणी तोडलं, परशानं म्हातारीवर सूड उगवला. मी म्हातारीच्या हातची भाकरी खाल्लीया.

साहेबांनी पत्र हातात देताना विचारलं, "हे वकिलाला दाखवायचं काय?" मी न्हाय म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. चौथ्या दिवशी मी व्हय म्हणालो. त्यांनी कोण पोरगं हे म्हणून विचारलं. मी सांगितलं, मीच वाढवलंय.

आता माझं ऐक. तुझ्यामुळं पाणी गेलं. माझा हात तुझ्यामुळं उठला न्हाय. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेव, नायतर तू आयुष्यभर माझ्या वाटणीचं वाहत बसशील आणि मला ते चालणार न्हाय.

आणि तू खरं लिहिलंस तर मी कसं लपवून ठेवू. पहिला घाव डोक्यात बसला तवा मला कायच कळलं न्हाय. घागरीचा आवाज कानात होता. तो पायरीवर बसला, डोकं धरून. माझ्याकडं बघितलं. लाथ मारणारा माणूस गेला होता, आई मेलेला माणूस बसला होता. ते मला दिसलं, आदर्शा. स्वच्छ दिसलं. आणि तरी मी दुसरा मारला. खांद्यावर. रडारडीत कुणी म्हणतं एक, कुणी म्हणतं दोन. वकील म्हणतो, खांदा पायरीवर आपटला म्हणू या. मी काल त्याला सांगितलं, न्हाय. पहिला घाव अकरा वर्षं साचलेल्या रागाचा होता. दुसरा माझा होता.

साहेब हे पण वाचतीलच. वाचू देत. अंग हलकं झालंय असं न्हाय. नुसतं लपवायचं काम कमी झालं, तेवढीच विश्रांती.

भरतीचा विचार कर अजून. वीस सेकंद निघाले काय?

परशराम


गावातनं, १० एप्रिल २०२५

मामा,

निकालानंतर तू पत्र लिहिलं न्हाईस, मी पण न्हाय. मामी सोमवारी भेटून येते तवा सगळं कळतंच. पण आज लिहायला पाहिजे.

कोर्टातलं मी विसरलो न्हाय. भरतीच्या दिवशी मी तिथल्या बाकावर बसलतो. वीस सेकंद निघाले होते मामा, शेवटी शेवटी तेवीस निघाले. काकू म्हणाल्या, "जोरात धावायला शिकलास ते बरं केलंस, आता वेळेवर पोचशील." पिंजऱ्यात उभं राहिल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "सहावरच का थांबलात?" मी म्हणालो, ट्रक आला. "गोव्यात काय काम होतं?" न्हाय साहेब, कायच न्हवतं. लोक हसले. तू हसला न्हाईस. मग तुझी पाळी आली आणि तू दोन घाव म्हणालास, तवा कुणीच हसलं न्हाय. 'ठरवून' गेलं आणि पाच वर्षं राहिली. वकील बाहेर मला म्हणाला, तुझ्या मामानं तोंड मिटलं असतं तर तीन झाली असती. मी त्याला म्हणालो, तोंड मिटायचं आमच्या घरात सात महिने केलंय, लई दमायला होतं.

आता पाणी मी सोडतो. पंचायतीनं काय मोठ्या मनानं दिलं न्हाय. भरमूनं एक दिवस चावी टाकली, "मला शिव्या खायच्या न्हाईत" म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाला नको होती. पहिल्या आठवड्यात सगळ्या गावानं मला 'सहा' म्हणून हाक मारली. "ए सहा, आज किती?" आता कमी झालंय. जांबोटीचा तो ट्रक रोज जातो. हॉर्न देतो. मोजताना मी ओ देत न्हाय, मोजून झाल्यावर देतो, तवर तो वळणावर गेलेला असतो.

काल नागुबाईंना वर्ष झालं. मारुतीरावाच्या घरात वर्षश्राद्ध. टाकी भरलेली, नळाला पाणी धो धो. तरी मामी दिवस उगवायला शिवेवरच्या विहिरीवर गेली. मी मागनं गेलो, म्हणालो, "मामी, आज नळाला हाय की." तिनं घागर भरली, गाळून, काकूंचं कापड मी आणलंय ते लावून. मी म्हणालो, मी घेतो. तिनं दिली न्हाय. त्याच रस्त्यानं गेली, वरच्या गल्लीतनं, डोक्यावर घागर. मी मागं. बायका नळावर होत्या, त्यांची भांडी भरून वाहायला लागली तरी कुणी बाजूला घेतली न्हाईत. 

मारुतीराव पायरीवर बसलेला. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यागत. लई बारीक झालाय मामा. मामीनं पायरीपाशी घागर खाली घेतली, दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. खाली ठेवायची कुठं हेच तिला कळंना, कारण त्याचा पाय तिथंच होता. तोच पाय.  मला वाटलं आता काय झालं तर माझ्या हातात पण चावी हाय, आणि मी ती तिथंच भिंतीला टेकवून ठेवली.

तो घागरीकडं बघत बसला.  मग त्यानं पाय मागं घेतला.

मामीनं घागर ठेवली आणि आम्ही परत आलो. बस्स एवढंच. वाटेत ती म्हणाली, "मामाला कळव."

म्हणून कळवतोय. मराठी वाचणाऱ्या साहेबांना पण कळू दे.

एक विचारायचं राहिलं. व्हॉल्वचे शेवटचे दोन फेरे लई जड जातात मामा, अंगातला सगळा जीव लावला तवा कुठं हलतात. बारापर्यंत तर कायच वाटत न्हाय. तू कायम ते दोन स्वतःच फिरवायचास, ते एवढे जड असतात हे मला कधी का सांगितलं न्हाईस?

तुझा,
आदर्श